नावावरची पट्टी

नॉर्बी फॉल्सच्या हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या प्रत्येक मुलाची आर्लिस टॉलेफसनशी ऑगस्टमध्ये एकदा तरी गाठ पडतेच, आणि ती गाठ काही फार गोड नसते. कॅन्टीनमध्ये लांब टेबलं मांडलेली असतात. एका बाजूला मुलं, त्यांच्या मागे आईबाप, आणि टेबलावर खेळाडूंचं नियमपत्र. इतर गावांत मुलं ते न वाचताच सही ठोकून मोकळी होतात. इथे आर्लिस प्रत्येकाकडून चौथं कलम मोठ्यानं वाचून घेते. दारू, बिअर, कुठेही, कधीही, सुट्टीतसुद्धा. पहिल्यांदा सापडलं तर दोन सामने बाहेर. शाळेनं विचारायच्या आत स्वतःहून येऊन सांगितलं तर एकच. सव्वासहा फुटी फुटबॉलवाला असला तरी त्याला हे वाचावं लागतं, आणि पुटपुटला तर पुन्हा पहिल्यापासून.

"मिसेस टॉलेफसन, गेल्या वर्षी वाचलं होतं की मी," एखादा कुरकुरतो.

"गेल्या वर्षी जेवलापण होतास. वाच."

हुद्दा विचाराल तर ती क्रीडाविभागाची कारकून. बस ठरवणं, पंचांना फोन करणं, बर्फ पडला की सामना पुढे ढकलल्याचं चार गावांना कळवणं, ही तिची कामं. एकतीस वर्षांत पाच क्रीडाप्रमुख आले आणि गेले, ती मात्र त्याच काउंटरमागे. पण त्या शाळेत न्याय नावाची जी काही गोष्ट आहे ती कुठल्या प्रमुखानं आणलेली नाही, ती या कारकून बाईनं आणली आहे. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, फक्त तिच्या तोंडावर कुणी म्हणत नाही, कारण तिथे तोंडावर कौतुक करण्यापेक्षा लोक दाढ उपटून घेणं पसंत करतील.

झालं होतं असं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी दोन मुलं एका गाडीत, एकाच खोक्यातली बिअर पिताना सापडली. एकाचा बाप बँकेचा मॅनेजर, दुसऱ्याची आई वृद्धाश्रमात भांडी घासायची. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय काही कुठल्या एका देशाची मक्तेदारी नाही. मॅनेजरच्या मुलाला 'समज देण्यात आली'. दुसरा, वेड नावाचा कुस्तीगीर, सहा आठवडे बाहेर. दोन्ही पत्रं आर्लिसनंच टाइप केली होती. वेडनं काउंटरवर उभ्या उभ्या पत्र वाचलं, त्याची चार घड्यांची चिठ्ठी केली आणि म्हणाला, "थँक्यू, मॅडम." नंतर तो पोरगा मॅटवर कधी आलाच नाही. शिव्या दिल्या असत्या तर आर्लिस विसरून गेली असती. ते थँक्यू तिला पचलं नाही.

पुढच्या हंगामात तिनं सामानाच्या कपाटातून हॉकीच्या काठीला गुंडाळायची पांढरी चिकटपट्टी आणली. शिक्षा ठरवणाऱ्या समितीपुढे जाणारा प्रत्येक कागद ती स्वतः टाइप करायची, आणि नावावर पट्टी लावायची. आधी शिक्षा ठरवा, मग पट्टी काढा.

तेव्हाचा प्रमुख हसला होता. "आर्लिस, गाव केवढं, आपण केवढे! नाव झाकून काय होणार? वासावरून ओळखतील लोक."

"मग वासपण काढते," ती म्हणाली, आणि तिनं कागदावरून खेळ काढला, इयत्ता काढली, मुलगा की मुलगी तेही काढलं. उरलं एवढंच: काय घडलं, कसं कळलं, आधी कधी घडलं होतं का. ओरडा झाला. एकदा मेयरचा नातू सापडला, एकदा पाद्रीबाईंची मुलगी, एकदा तर खुद्द फुटबॉल कोचचा मुलगा. पट्टी निघाल्यावर समितीतल्या लोकांचे चेहरे पडायचे, पण ठरलेलं ठरलेलं असायचं. लोकांनी आर्लिसला खडूस म्हटलं, खाष्ट म्हटलं. पक्षपाती म्हणायची कुणाची छाती झाली नाही. एवढी एकच कमाई तिनं केली होती आणि तिचा तिला अभिमान होता. का नसावा?

आता गेल्या फेब्रुवारीची गोष्ट. आर्लिसची नात सिग्ने, वय सतरा, मुलींच्या बर्फावरच्या हॉकी संघाची गोलकीपर. आईबाप कागदाच्या कारखान्यात पाळीला जायचे, म्हणून रात्रीचं जेवण शेजारीच राहणाऱ्या आजीकडे. बावीस वर्षांनी मुली विभागीय उपांत्य सामन्यात पोचल्या होत्या. गुरुवारी उपांत्य, जिंकल्या तर पुढच्या मंगळवारी अंतिम, आणि तोही जिंकल्या तर राज्यस्पर्धा. पेट्रोलपंपापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत प्रत्येक काचेवर सिग्नेचा मुखवट्यातला फोटो लागला होता.

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कुणा पालकानं शाळेला एक फोटो पाठवला. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला ओढून नेतात तसल्या एका लाकडी खोपीच्या आत हॉकीच्या तीन मुली, हातांत बिअरचे डबे. क्रीडाप्रमुख ड्वेन प्रायबिल यांनी तो आर्लिसच्या टेबलावर ठेवला आणि कपाळ चोळलं.

"तिघी. आणि नेमकं याच आठवड्यात. नशीब, तुमची सिग्ने नाही यात."

आर्लिसनं चष्मा वर केला. तिघी तिच्या ओळखीच्या होत्याच, पुढे बसलेली टेस रिकर्ट, बर्फ काढायचा ट्रक चालवणाऱ्या लाइलची मुलगी. पण आर्लिस बघत होती ते मुलींकडे नव्हे, मागच्या खिडकीकडे. खिडकीला पडदा होता, हिरव्या डोक्याच्या बदकांचा. तो तिनं स्वतः शिवला होता, स्वयंपाकघरातल्या पडद्याच्या उरलेल्या कापडाचा, नवरा ऑरिन जिवंत असताना. ऑरिन खूप हसला होता, माशांना काय पडदा लागतो का म्हणून. त्या खोपीची किल्ली ऑरिन गेल्यापासून सिग्नेकडे होती.

मग तिनं हात मोजले. तिघींचे सहाही हात फोटोत दिसत होते, आणि सहाही गुंतलेले होते. म्हणजे फोटो काढायला तिथे सातवा हात होता.

ड्वेनला यातलं काही दिसलं नव्हतं. आठ वाजता त्यांनी तिघींना बोलावलं. तिघींनी कबूल केलं. "अजून कोण होतं?" या प्रश्नावर टेस रिकर्ट म्हणाली, "कुणी नाही. आम्हीच." बाकीच्या दोघी जमिनीकडे बघत राहिल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पडद्याचं गुपित माहीत असलेला दुसरा माणूस चार वर्षांपूर्वीच मातीत गेला होता. गप्प बसलं की संपलं. पण हा विचार आर्लिसच्या डोक्यात फार टिकला नाही, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. तिची खरी परीक्षा वेगळीच होती, आणि ती संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सुरू झाली.

समिती मंगळवारी तीनला बसणार होती. तोपर्यंत सिग्नेनं स्वतःहून येऊन सांगितलं तर तिचा एकच सामना जाणार होता. गुरुवारी बाहेर बसायचं, अंतिम सामना खेळायचा. नाही आली तर आर्लिस स्वतः चौथा कागद ठेवणार होती, आणि मग दोन्ही सामने गेले. म्हणजे आजीनं आत्ता बटाट्याच्या गोळ्यांचा हॉटडिश वाढता वाढता एवढंच म्हणायचं होतं, "पोरी, उद्या येऊन सांग." चार शब्द. त्या चार शब्दांत राज्यस्पर्धा होती.

पण टेसला असं सांगायला कुणाची आजी शाळेत होती? म्हणून ते चार शब्द बोलायचे नाहीत, असं तिनं ठरवलं. ठरवणं सोपं. समोर पोरगी काट्यानं नुसते बटाटे इकडचे तिकडे करत होती.

"भूक नाही का गं?"

"आहे की."

"मग खा."

"आजी, त्या तिघींचं काय होणार?"

"समिती ठरवेल."

"दोन सामने?"

"कलम तू वाचलंयस. माझ्यासमोर वाचलंयस."

सिग्ने आणखी काहीतरी बोलणार होती. आर्लिस उठली आणि नळ सोडून भांडी घासायला लागली, कारण आता पोरीनं स्वयंपाकघरात काही सांगितलं तर ते आजीला सांगितलं म्हणायचं की शाळेला, हे तिचं तिलाच कळेना. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं भांडी दोनदा घासली. सिग्ने कोट घालून घरी गेली.

मंगळवारी सकाळी आर्लिसनं चार कागद टाइप केले. चौथ्यावर पट्टी लावून तो ड्रॉवरमध्ये ठेवला. दहा वाजले, बारा वाजले. दर तासाच्या घंटेला ती दाराकडे बघायची. एक वाजता तिनं ड्रॉवर उघडून कागद नीट आहे ना ते पाहिलं, जणू त्याला पाय फुटणार होते. दोन वाजून वीस मिनिटांनी सिग्ने काउंटरपाशी आली. घरी 'आजी' म्हणणारी पोरगी तिथे ताठ उभी राहून म्हणाली, "मिसेस टॉलेफसन, मला चौथ्या कलमाबद्दल सांगायचंय. खोपी आमची होती. किल्ली माझ्याकडे होती. मीच त्यांना नेलं. मीपण प्यायले, दोन डबे. आणि फोटो मीच काढला."

"तुला कुणी जा म्हणालं?"

"नाही. टेसनं तर येऊ नको म्हणून सांगितलं."

आर्लिसला रडू आलं असतं, पण काउंटरमागे रडायची तिची पद्धत नव्हती. तिनं ड्रॉवरमधला कागद काढला आणि सिग्नेसमोरच त्यावर दोन ओळी हातानं लिहिल्या: खेळाडूनं स्वतःहून सांगितलं. शाळेच्या एका कर्मचाऱ्याला आदल्या दिवशी अंदाज आला होता, पण विचारलं नव्हतं. दुसरी ओळ कुणी मागितली नव्हती. ती लिहिली नसती तर आर्लिस आर्लिस नव्हती.

सिग्नेनं वरून ती ओळ वाचली. "तुला ठाऊक होतं?"

"बदकं," आर्लिस म्हणाली. "वर्गात जा."

समितीला चौघांचा निकाल लावायला वीस मिनिटं लागली. दुसऱ्या ओळीवर थोडी चर्चा झाली. गायन शिकवणाऱ्या मिसेस ओस्टबी म्हणाल्या, अंदाज म्हणजे विचारणं नव्हे. तिघांना दोन सामने, चौथ्याला एक. मग ड्वेननी पट्ट्या काढल्या. चौथी काढली आणि ते आर्लिसकडे बघतच राहिले.

"बाई... तुम्ही काल..."

"पुढचा विषय घ्या," आर्लिस म्हणाली.

गोष्ट इथे संपली असती तर फार बरं झालं असतं. पण बुधवारी सकाळी लाइल रिकर्ट आला, अंगावर ट्रकचा नारिंगी कोट, बुटांना रस्त्यावर बर्फ वितळायला टाकतात ते मीठ. वीस वर्षांपूर्वी त्यानंही हिच्यासमोर चौथं कलम वाचलेलं होतं.

"मिसेस टॉलेफसन, माझी दोन सामने बाहेर आणि तुमची एक. वा! यासाठी लावता का ती पट्टी?"

"ती स्वतःहून आली, लाइल. नियम आहे."

"आणि माझी कधी येणार होती? फोटो आला सात दहाला, बोलावणं आलं आठला. मधली पन्नास मिनिटं ती पोरगी शाळेच्या बसमध्ये होती! तुमच्या नातीला दीड दिवस मिळाला. कुणामुळे मिळाला? माझ्या टेसला विचारलं, अजून कोण होतं, तेव्हा तिनं दात आवळून धरले. तिनं नाव घेतलं असतं तर तुमची कसली स्वतःहून येतेय!"

"तुझं बरोबर आहे," आर्लिस म्हणाली.

भांडायला आलेल्या माणसाला याहून वाईट उत्तर नाही. लाइलनं टोपी घातली, आणि तो दार न आपटता गेला.

ती तडक ड्वेनकडे गेली. स्वतःहून सांगितलं तर निम्मी शिक्षा, हे कलम बारा वर्षांपूर्वी तिनंच घालायला लावलं होतं, मुलांना खरं बोलायची वाट असावी म्हणून. त्या वाटेचं दार एकाला पन्नास मिनिटं उघडं राहतं आणि दुसऱ्याला दीड दिवस, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ती नावं झाकत बसली होती आणि भोक भलतीकडेच होतं. ड्वेन म्हणाले, ऑगस्टमध्ये बदलू, हंगामाच्या मध्ये बदलता येत नाही. ते खरंच होतं. आणि गावाला गोलकीपर हवी होती, हेही तितकंच खरं होतं.

त्या रात्री जेवताना आर्लिसनं लाइलचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. निकाल लागला होता, आता बोलायला हरकत नव्हती.

"मला माहितीये," सिग्ने म्हणाली. "मी मंगळवारीपण बाहेर बसणार आहे. त्यांच्याबरोबर."

आर्लिसचा चमचा थांबला. "अगं, नियमाप्रमाणे तुला खेळता येतं. समितीनं ठरवलंय. उगाच माझ्यासाठी म्हणून..."

"तुझ्यासाठी नाही गं. टेस माझ्यासाठी गप्प बसली, आणि मी तिच्या जिवावर फायनल खेळू?"

"नियम म्हणजे नियम असतो, सिग्ने."

"मग मी कुठे मोडतेय? एकापेक्षा जास्त बसायचं नाही, असं लिहिलंय का चौथ्या कलमात? तूच लिहिलंयस ना? दाखव."

आर्लिसनं ते कलम इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला ते झोपेतही म्हणता आलं असतं. तसं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिनं पोरीच्या ताटात आणखी हॉटडिश वाढला, आणि या वेळी तो संपला.

गुरुवारी नववीतल्या चिमुरड्या गोलकीपरनं कसाबसा सामना काढून दिला, दोन-एक. गाव नाचलं, आणि मग गावाला सिग्नेचा बेत कळला. पुढचे चार दिवस काय विचारू नका. कोच घरी येऊन हात जोडून गेला. पेट्रोलपंपावर लोक म्हणाले, पोरगी माजलीय. न्हावी म्हणाला, सगळं त्या म्हातारीनं शिकवलंय, तिला स्वतःचं नाव राखायचंय. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना एक बाई आर्लिसला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "काही लोकांना गावापेक्षा नियम प्यारे असतात." आर्लिसनं तिला साखर पुढे केली. फक्त लाइल रिकर्टचा ट्रक मंगळवारी पहाटे, कुणी न सांगता, तिच्या दारातला बर्फ काढून गेला.

अंतिम सामना तिसऱ्याच गावच्या बर्फाच्या रिंकवर होता. नॉर्बी फॉल्स तीन-एकनं हरलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक उगाच शेवटच्या मिनिटातल्या गोलाची वाट बघत बसतात. नववीतली पोर जीव तोडून खेळली, पण ती सिग्ने नव्हती, आणि हे रिंकमधल्या प्रत्येकाला दर गोलाला जाणवत होतं.

शिक्षा झालेल्या मुलींनी संघाच्या बाकामागे, चांगल्या कपड्यांत बसायचं, अशी रीत आहे. चौघी तिथे ओळीनं बसल्या होत्या. सिग्नेनं चर्चचा निळा स्कर्ट घातला होता आणि ती घसा बसेपर्यंत ओरडत होती. दुसरा गोल झाला तेव्हा नॉर्बी फॉल्सच्याच प्रेक्षकांतून कुणीतरी तिचं नाव घेऊन शिवी हासडली. टेस रिकर्टनं झटकन मागे वळून तिकडे पाहिलं आणि सिग्नेच्या दंडात दंड अडकवला.

आर्लिस नेहमी दारात तिकिटं फाडते. त्या दिवशी ते काम दुसऱ्या शाळेचं होतं, म्हणून ती आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच पूर्ण सामना बसून बघत होती. जागा मिळाली ती विरुद्ध गावच्या लोकांत. शेजारी तिच्याच वयाची एक बाई, मांडीवर गोधडी, हातात थर्मास. तिनं आर्लिसला कॉफी दिली, थंडीबद्दल बोलली, आपली नात दाखवली. "ती सात नंबर! दोन गोल तिचेच. घरी एक भांडं विसळायची नाही, इथे बघा!" मग भल्या मनानं, जसं कुणीही विचारतं तसं, तिनं विचारलं, "आणि तुमची यातली कोणती?"

बर्फावर नॉर्बी फॉल्सच्या सहाजणी पळत होत्या. आर्लिसनं तिकडे बोट केलं नाही. ती उठून उभी राहिली, म्हणजे मागच्या दोन रांगांनाही दिसावं, आणि बाकामागे बसलेल्या चौघींकडे हात केला.

"ती निळ्या स्कर्टातली," ती म्हणाली. "जी खेळत नाहीये, ती माझी."